बाबांचं ‘नको’ आणि ताजमधली एक रात्र

ताई, मी ३४ वर्षांची. डोंबिवलीत वाढले, आता पुण्यात आयटीत आहे. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, कुलाबा डेपोला. ११ डिसेंबर २०२५ ला आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतील. लहानपणी गेटवेला गेलो की बाबा ताजकडे बोट दाखवून काय काय सांगायचे, पण आत आम्ही कधी गेलो नाही. मला त्या दोघांना एक रात्र तिथे ठेवायचंय. त्यासाठी पैसे बाजूला काढलेत. विषय काढला तर बाबा फक्त “नको” म्हणाले. आई म्हणते, तेवढ्या पैशात काशी होईल, आणि काट्याचमच्याने खाणं आपल्याला जमायचं नाही. भाऊ म्हणतो, इंग्रजांच्या जमान्यातल्या हॉटेलात साहेब होऊन बसायची हौस कशाला? मैत्रीण म्हणते, विचारतेस काय, सरळ बुक कर आणि सरप्राइज दे. जाता जाता सांगते, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री बाबा ड्युटीवर होते. घरी आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. त्याबद्दल ते आजवर काही बोललेले नाहीत. बुक करू का? केलं तर कुठली खोली? साइटवर इतके प्रकार आहेत की डोकं चालेनासं झालंय.
– एक डोंबिवलीकर

प्रिय डोंबिवलीकर,

सरप्राइज देऊ नकोस. बाकीच्या प्रश्नांकडे नंतर येते, हे आधी.

तू ‘जाता जाता’ म्हणून जे वाक्य लिहिलंस ना, तिथे मी थांबले. आपल्या घरांमध्ये ‘नको’ बहुतेक वेळा पैशाला असतो, म्हणून बाबांचा ‘नको’ही तू त्याच खात्यात टाकलास. आईने कारणं दिली, भावाने वाद घातला, बाबांनी मात्र कारण दिलंच नाही. ज्या माणसाने पोरांना गेटवेवर उभं करून त्या इमारतीच्या गोष्टी सांगितल्या, तो तिच्याबद्दल एका शब्दात विषय संपवतो, तेव्हा खिसा हे एकच कारण असेल असं मला वाटत नाही. त्या रात्री सुरू झालेलं ताजमधलं सगळं २९ तारखेच्या सकाळपर्यंत चाललं. जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यांना लागलेली आग आपण टीव्हीवर पाहिली. बाबा त्या भागात गाडीवर होते. त्यांनी काय पाहिलं, काय ऐकलं, त्यांच्या ओळखीचं कोणी त्यात होतं का, हे तुला माहीत नाही आणि मलाही नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून अशा माणसाला त्याच दारात नेऊन उभं करायचं आणि वर मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं? नको गं.

त्यांच्याशी बोल. पण चौघं जेवायला बसलेले असताना नाही, आणि हॉटेलच्या नावाने सुरुवात करून तर नाहीच. ते संध्याकाळी फिरायला जात असतील तर सोबत जा आणि साधं विचार, “त्या रात्री तुमची गाडी कुठे अडवली होती?” कंडक्टरला जागा विचारली की तो सांगतो. पुढे बोलले तर ऐक, मध्ये सांत्वन करू नकोस. नाही बोलले तर ओढून काढू नकोस. मग त्याच दिवशी किंवा चार दिवसांनी त्यांना नीट सांग की माझ्या मनात असं असं आहे, तुम्ही नाही म्हणालात तर मी बुक करणार नाही आणि रागावणारही नाही. दुसरं वाक्य खरं असेल तरच म्हण.

कदाचित उलटंही निघेल. त्या परिसराशी रोजचा संबंध असलेल्या काहींना तिथे जावंसं वाटत नाही, आणि काहींना ती जागा पुन्हा धडधाकट, माणसांनी भरलेली बघायचीच असते. ताजच्या जुन्या इमारतीशेजारचा उंच टॉवर महिन्याच्या आत, २१ डिसेंबर २००८ ला सुरू झाला. जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला उघडली. तिथे मारल्या गेलेल्या ३१ जणांच्या नावांचं स्मारक आत आहे. बाबा हो म्हणाले तर हे त्यांना घरीच सांगून ठेव, म्हणजे तिथे गेल्यावर ते अचानक समोर यायचं नाही. त्यांना तिथे दोन मिनिटं उभं राहायचं असेल तर राहतील.

आता भाऊ. त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, म्हणून त्याला झटकून टाकू नकोस. ताज उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला, म्हणजे ऐन साहेबी राज्यात. तिथे उतरणारे बहुतेक गोरे, नाहीतर संस्थानिक. बॅगा उचलणारे, पंगती वाढणारे आपले. ते खोटं नाही. पण हॉटेल इंग्रजांचं नव्हतं. जमशेटजी टाटांनी ते स्वतःच्या पैशांनी बांधलं, आणि तेही १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरल्यानंतरच्या काळात, शहर सोडून माणसं पळत होती तेव्हाच्या आठवणी ताज्या असताना. वॉटसन या गोऱ्यांच्या हॉटेलात भारतीय म्हणून प्रवेश नाकारला, म्हणून त्यांनी चिडून ताज बांधलं, ही गोष्ट भावाला आवडेल, पण इतिहासकार तिच्याबद्दल साशंक आहेत, तेव्हा वाद जिंकायला ती वापरू नकोस. त्यापेक्षा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे नाव सांग. मूळ आराखडे वैद्यांचे आणि त्यांच्यासोबत डी. एन. मिर्झांचे. काम पुरं व्हायच्या आत वैद्य वारले आणि मग डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने ते तडीस नेलं. मधल्या त्या भव्य जिन्याचं बांधकाम सोराबजी रतनजी या पारशी कंत्राटदाराचं. गेटवेवरच्या फोटोवाल्यांना विचारलंस तर ते अजून सांगतील की हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं आणि वास्तुविशारदाने जीव दिला. साफ थाप आहे. मूळ दार मुद्दामच शहराच्या बाजूला होतं, आज पोहण्याचा तलाव आहे तिकडे. घोडागाड्या शहरातूनच यायच्या. आपण जिला दर्शनी बाजू समजतो ती तेव्हाची मागची बाजू.

आणि गेटवे? तो नंतरचा. पंचम जॉर्ज १९११ मध्ये आला, त्या निमित्ताने पायाचा दगड बसला, कमान पुरी होऊन खुली झाली ती थेट डिसेंबर १९२४ मध्ये. म्हणजे पहिली वीस वर्षं ताजच्या खिडकीतून पालवा बंदर आणि समोर उघडा समुद्र एवढंच दिसायचं. साहेबांची खरी खूण कमान आहे, हॉटेल नाही. भावाला म्हणावं, राग काढायचाच तर योग्य दगडावर काढ.

बाबांसाठी माझ्याकडे एक वेगळी गोष्ट आहे. कदाचित त्यांना माहीत असेल, बेस्टच्या माणसाला बरंच माहीत असतं. ताजमध्ये सुरुवातीपासून विजेचे दिवे होते आणि ती वीज हॉटेल स्वतः तयार करायचं, कारण शहराला वीज देणारी कंपनी, जिची पुढे बाबांची बेस्ट झाली, ती उभी राहिली १९०५ मध्ये. विजेवरची ट्राम आली १९०७ मध्ये. आणि मुंबईतली पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ ला धावली ती अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे कुलाब्यातूनच. हॉटेल आणि बाबांचं खातं एकाच वस्तीत, जवळजवळ बरोबरीने मोठे झालेत. त्यांनी परक्यासारखं आत शिरायचं काही कारण नाही.

म्हणूनच, जायचं ठरलं तर त्यांना उबरमधून दारात उतरवू नकोस. सीएसएमटीपासून बसने जाऊ दे. रीगलला उतरून शिवाजी महाराज मार्गाने पाच-सात मिनिटं चालत गेलं की समोर गेटवे. सामान कमी असू दे, म्हणजे चालता येईल. आईचे गुडघे दुखत असतील तर टॅक्सी कर, त्यात काय एवढं. दारात बॅगा स्कॅनरमधून जातात, आपल्यालाही तपासून आत सोडतात. बाबांना हे आधी सांग, नाहीतर त्यांना वाटेल आपल्यालाच अडवलं. दोघांची आधार कार्डं बरोबर ठेव, नोंदणी करताना प्रत्येकाचं ओळखपत्र मागतात. पुढे बॅग उचलायला माणूस येईल, तेव्हा बाबांनी तिच्यासाठी झटापट करायची नाही. हे त्यांना दोनदा सांगावं लागेल.

खोलीबद्दल माझं मत थोडं टोकाचं आहे. ताज म्हणजे दोन इमारती. एक जुनी, घुमटाची, तिला पॅलेस विंग म्हणतात. दुसरी शेजारचा उंच टॉवर, १९७३ चा, ग्रीन्स हॉटेल पाडून त्या जागी उभा केलेला. टॉवरच्या खोल्या सहसा स्वस्त असतात, चांगल्याही असतात, वरच्या मजल्यांवरून पाणी लांबवर दिसतं. पण तुझे बाबा बोट दाखवायचे ते टॉवरकडे नव्हे. शिवाय दोन्ही इमारतींत ‘सिटी व्ह्यू’ आणि ‘सी व्ह्यू’ असे प्रकार आहेत. साइटवर एका ओळीत चार शब्द असतात, त्यातले हे दोन चुकले तर बाबांच्या खिडकीतून मागची गल्ली दिसेल, आणि ती तर त्यांनी जन्मभर पाहिली आहे. तेव्हा घ्यायची तर जुन्या इमारतीतली, समुद्राकडची. बजेटात ती बसत नसेल तर रात्रीचा नाद सोड. टॉवरमधली शहराकडची खोली घेऊन ‘ताजमध्ये राहिलो’ म्हणण्यात पैसे घालवू नकोस. मग पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये खिडकीजवळचं टेबल आधी राखून ठेव आणि चौघं चहाला जा. तोही सोहळा कमी नाही, आणि खर्च खोलीच्या तुलनेत अगदीच थोडा.

दर रोज बदलतात, त्यामुळे आकडा मी देत नाही. पण साइटवर आधी दिसतो तो आकडा शेवटचा नसतो. साडेसात हजारांवरच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरून हिशेब कर. नाश्ता धरलेला आहे का ते बघ, नसेल तर धरलेला दर घे. सकाळी साडेसातला मेनूकार्डातले आकडे वाचून आईची भूक जाईल.

समुद्राकडचीच खोली घ्यावी याचं एक कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समुद्र आणि मुंबई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मरिन ड्राइव्हचा सूर्यास्त येतो. ताजच्या खिडकीतून सूर्यास्त दिसत नाही, कारण ते बंदर पूर्वेला तोंड करून आहे. दुपार कलली की सूर्य हॉटेलच्या पाठीमागे जातो, इमारतीची सावली समोरच्या फरसबंदीवर सरकत सरकत कमानीकडे जाते, आणि गेटवेवरची गर्दी त्या सावलीत उभी राहून फोटो काढत असते. खरी गंमत सकाळची. डिसेंबरात सातच्या सुमारास उजाडतं, पण पाण्यावर धुरकं असतं, त्यामुळे सूर्य क्षितिजावर न उगवता थोडा वर आल्यावर एकदम तांबडा दिसायला लागतो. खाली नांगरलेल्या लाँच एकमेकींना घासत डुलत असतात, एखादा खलाशी बादलीने डेक धूत असतो, घारापुरीचं टेकाड आधी नुसतं काळं दिसतं आणि मग त्याला झाडं फुटतात. तू पैसे मोजणार आहेस ते या तासासाठी. जेवण, चहा, जिना, सगळं दिवसा बाहेरून येऊनही जमतं. हा तास तिथे झोपून उठल्याशिवाय मिळत नाही. तेव्हा बाबांना म्हण, गजर लावा.

तारखेचं बघ. ११ डिसेंबर गुरुवार आहे, तोही मार्गशीर्षातला. आईचा महालक्ष्मीचा घट असेल तर ती त्या दिवशी घर सोडायची नाही, आणि उपासाच्या दिवशी ताजला नेऊन काय खायला घालणार, वरई? शनिवार-रविवारी गेटवेवर पाय ठेवायला जागा नसते. सोमवारी १५ ला एकादशी. मी मंगळवार १६ सुचवते. बुधवारी दुपारी परत, गुरुवारच्या पूजेला आई घरी. १६ डिसेंबर हा हॉटेल सुरू झाल्याचाही दिवस आहे, बाबांना तेवढं पुरेल. नाताळचा आठवडा जवळ आला की भाव चढतात, त्यामुळे त्याच्या पुढे ढकलू नकोस. खोली सहसा दुपारी दोनला मिळते आणि दुसऱ्या दिवशी बाराला सोडायची असते. दोनला नेमकं पोचा. पाचला पोचलात तर तीन तासांचे पैसे पाण्यात.

आईच्या काशीचं मला खरंच पटतं. पण ती ‘काशी होईल’ म्हणाली, ‘मला काशीला जायचंय’ असं म्हणाली नाही. फरक आहे का ते तिलाच विचार. तिला खरोखर जायचं असेल तर काशीचं तिकीट आधी काढ, ताज पुढच्या वर्षी. ही केवळ खर्च टाळायची सबब असेल तर तुला ती ओळखता येईल, तिची मुलगी आहेस.

काट्याचमच्यांचं मात्र मनावर घेऊ नका. सी लाउंजच्या चहाबरोबर सँडविच-केक असतात तशी भेळ आणि शेवपुरीही असते. मुंबईच्या कितीतरी घरांतले मुलगी बघण्याचे कार्यक्रम त्या खिडक्यांशी बसून झालेत. कांदेपोहे नव्हते एवढंच. रात्री खोलीतच जेवण मागवा. वरण-भात, पोळी, भाजी असं साधं मिळेल का ते आधी फोन करून विचारून ठेव, मोठ्या हॉटेलांत सांगितलं की करून देतात. खोलीत आई हाताने जेवली काय आणि पाटावर बसून जेवली काय, कोण बघतंय? साडी तिला आवडेल ती नेसू दे. बाबांनी बूट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला की झालं. आणि दोघांनाही सांग, बेधडक मराठीत बोला. समोरच्याला येत नसेल तर तो येणाऱ्याला बोलावून आणेल, ते त्याचं काम आहे.

तू काय करायचं? खोलीपर्यंत सोबत जा, चहा एकत्र घ्या, आणि मग निघ. भावालाही चहाला बोलव, त्याचे सगळे मुद्दे भेळेबरोबर ऐकून घे. रात्री मात्र त्या दोघांना राहू दे. चाळीस वर्षांत त्यांना किती वेळा असं कोणी एकटं सोडलं असेल? उतरलेल्या पाहुण्यांना हॉटेलचा माणूस जुनी इमारत फिरवून दाखवतो, त्याची वेळ आल्या आल्या रिसेप्शनवर विचार आणि नाव घाल. बाबा त्या माणसाला बहुतेक चार गोष्टी जास्तीच्या सांगतील. वैद्यांचं नाव त्यांनी काढलं नाही तर ते बाबाच काढतील, अशी तयारी करून पाठव.

बुधवारी सकाळी आईचे गुडघे साथ देत असतील तर बंदरात अर्ध्या तासाची फेरी मारणारी लाँच पकडा. घारापुरीच्या लेण्यांच्या पायऱ्या या खेपेला नकोत. पाण्यातून मागे वळून पाहिलं की ती इमारत पुरती दिसते, रस्त्यावरून ती तशी कधीच दिसत नाही.

शेवटचं, व्यवहाराचं. खोलीचे पैसे आधीच भर. वरच्या खर्चासाठी ते सहसा कार्ड मागतात, ते तुझं दे आणि बिल तुझ्या ईमेलवर पाठवायला सांग. मिनी बारमधलं काही घेऊ नका म्हणून आईला बजाव. पाण्याच्या कुठल्या बाटल्या फुकट आहेत ते विचारून तिला दाखवून ठेव, म्हणजे ती डोंबिवलीहून दोन लिटर भरून आणणार नाही. कोणी खोलीत काही आणून दिलं तर द्यायला बाबांच्या खिशात शंभरच्या चारपाच नोटा असू देत. आणि आकडा? तो बाबा विचारणारच, बेस्टचा कंडक्टर हिशेब लागल्याशिवाय झोपत नाही. खरा सांग. फक्त बुधवारी घरी पोचून जेवणं झाल्यावर सांग.

– तुझी ताई